हिमरेषेचा जमाखर्च

तृतीय वर्ष कला (भूगोल)

'हिमरेषा म्हणजे काय?' हा प्रश्न आपल्या परीक्षेत दोन गुणांना येतो. उत्तरही ठरलेले. 'ज्या उंचीच्या वर बर्फ बारा महिने वितळत नाही, त्या उंचीला हिमरेषा म्हणतात.' खाली एक लहानसे कोष्टक जोडले की काम झाले : विषुववृत्तावर सुमारे ५००० मीटर, आल्प्समध्ये २७०० ते ३००० मीटर, ध्रुवीय प्रदेशात समुद्रसपाटी. शेवटी एक वाक्य, 'विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना हिमरेषा खाली येत जाते.' दोन्ही गुण पदरात पडतात, आणि ज्यांनी बर्फ फक्त सरबतात पाहिला असे आपण सर्वजण हिमरेषेचे जाणकार होऊन पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या उत्तरात धडधडीत खोटे असे फारसे नाही, आणि तीच त्यातली अडचण आहे. उघड चूक कोणीतरी सुधारतो. अर्धे बरोबर असलेले वाक्य मात्र वहीतून वहीत उतरत राहते. मला असे वाटते, की हिमरेषेला आपण थंडी मोजण्याची पट्टी समजून बसलो आहोत. वस्तुतः ती एका जमाखर्चाची रेषा आहे. जमेच्या बाजूला वर्षभरात पडलेले हिम. खर्चाच्या बाजूला वितळून गेलेले, वाऱ्याने उडवून नेलेले आणि पाणी न होता थेट वाफ होऊन गेलेले हिम. उन्हाळा संपताना ज्या उंचीवर या दोन बाजू जुळतात, शिल्लक शून्य उरते, ती त्या वर्षाची हिमरेषा. तिच्या वरही बर्फ वितळतोच. पडतो तितका सगळा वितळत नाही, एवढेच. आणि हिवाळ्यात सिमल्याला बर्फ पडला म्हणून सिमला काही हिमरेषेच्या वर जात नाही; कारण मार्च-एप्रिलपर्यंत त्याचा हिशेब चुकता झालेला असतो.

हा शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. तसा तो नाही. हिमरेषेकडे थंडीची रेषा म्हणून पाहणारा माणूस हिमालयाविषयी वर्तमानपत्रात काही वाचतो, तेव्हा एक तर घाबरून जातो किंवा 'असे होतच असते' म्हणून पान उलटतो. जमाखर्च म्हणून पाहणारा आधी विचारतो : जमा घटली की खर्च वाढला? किती वर्षांचा हिशेब पाहिला? कोणी मांडला? मला वाटते, कला शाखेच्या विद्यार्थ्याला निदान हे प्रश्न विचारता आले पाहिजेत. म्हणून प्रथम आपल्या कोष्टकातल्या नियमाचीच परीक्षा घेऊ.

हिमरेषा केवळ थंडीवर अवलंबून असती, तर ती सर्वांत उंच विषुववृत्तावर असायला हवी होती. तशी ती नाही. दक्षिण अमेरिकेत चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर, मकरवृत्ताच्याही दक्षिणेस, युयायाको नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. उंची ६७३९ मीटर. म्हणजे आपल्या कोष्टकातल्या विषुववृत्तीय आकड्याहून सतराशे मीटर अधिक. तरीही त्याच्या माथ्यावर हिमनदी नाही. इकडेतिकडे बर्फाचे लहान पट्टे, बाकी उघडा खडक. तिथे थंडी कमी आहे म्हणावे तर १९९९ साली याच शिखराजवळ इंका काळातील तीन बालकांचे देह सापडले आणि सुमारे पाचशे वर्षांनंतरही ते गोठलेल्या स्थितीत जसेच्या तसे होते. थंडी भरपूर आहे. नाही ते हिम. शेजारी अटाकामाचे वाळवंट, जगातील अत्यंत कोरड्या प्रदेशांपैकी एक. जमेच्या बाजूला काही पडतच नाही, तर शिल्लक कुठून राहणार? उलट विषुववृत्ताजवळ पाऊसपाणी भरपूर असल्याने हिमरेषा त्यामानाने खाली राहते. पृथ्वीवरील सर्वांत उंच हिमरेषा सापडते ती विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या कोरड्या पट्ट्यांत.

याच अँडीज पर्वताच्या रांगेने दक्षिणेकडे उतरत गेले म्हणजे नियमाची दुसरी बाजू दिसते. चिलीच्या किनाऱ्यावर सुमारे ४६ अंश ४० मिनिटे दक्षिण अक्षांशावर सान राफाएल नावाची हिमनदी थेट समुद्राशी जोडलेल्या खाजणापर्यंत येऊन पोहोचते. विषुववृत्तापासून इतक्याच अंतरावर उत्तर गोलार्धात स्वित्झर्लंड आहे. तिथली आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी, आलेच, समुद्रसपाटीपासून बरीच उंच असतानाच संपते. हिमनदीचे टोक म्हणजे हिमरेषा नव्हे, हे खरे. परंतु टोक समुद्रापर्यंत यायचे तर वरच्या अंगाला तेवढी जमा पाहिजे. पॅसिफिकवरून येणारे ओले पश्चिमी वारे ती जमा पुरवतात. अक्षांश तोच, उंचीचा नियम तोच, एक हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी तापमान घटते तेही तसेच. फरक पडला तो बाष्पाने.

मग निदान ध्रुवावर तरी आपले कोष्टक अबाधित आहे का? तिथे हिमरेषा समुद्रसपाटीला टेकते हे सामान्यतः खरे. पण त्यालाही अपवाद आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. अंटार्क्टिकात मॅकमर्डो सामुद्रधुनीजवळ काही दऱ्या आहेत. १९०३ साली कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने त्या प्रथम पाहिल्या. सगळे खंड बर्फाखाली गाडलेले असताना या हजारो चौरस किलोमीटरच्या मुलखात उघडी माती आणि खडक दिसतात. वर्षाचे सरासरी तापमान शून्याखाली वीस अंशांच्या आसपास. पण हिम अत्यल्प, आणि पठारावरून खाली झेपावणारे कोरडे वारे जे पडते त्याचीही वाफ करून टाकतात. उत्तरेस ग्रीनलंडच्या अगदी टोकाचा पिअरी लँड हा प्रदेशही असाच कोरडेपणामुळे बराचसा बर्फमुक्त आहे. ध्रुवाच्या दाराशी बर्फ नाही, आणि चिलीच्या समशीतोष्ण किनाऱ्यावर हिमनदी समुद्रात उतरते! या दोन गोष्टी एका वाक्यात बसवणारा नियम थंडीचा असू शकत नाही. तो हिशेबाचाच असला पाहिजे.

आता आपल्या हिमालयाकडे येऊ. इथे तर या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकात विद्वानांत चांगलाच वाद झाला होता. सूर्य दक्षिणेकडून तळपतो, तेव्हा दक्षिण उतारावर हिमरेषा उंच आणि उत्तर उतारावर खाली असली पाहिजे, असे साधे तर्कशास्त्र सांगते. परंतु १८१२ साली मूरक्रॉफ्ट निती खिंडीतून मानसरोवराकडे जाऊन आले, पुढे काही वर्षांनी वेब यांनी त्याच भागात मोजणी केली, आणि त्यांच्या माहितीवरून चित्र उलटेच दिसू लागले : तिबेटच्या बाजूला हिमरेषा भारताच्या बाजूपेक्षा उंच! युरोपातल्या अनेकांना हे पटेना. ज्यांनी १८०२ साली चिंबोराझो पर्वत चढताना अँडीजमधली हिमरेषा प्रत्यक्ष पाहिली होती, त्या आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट यांनी मात्र ही माहिती गंभीरपणे घेतली आणि तिबेटच्या पठाराच्या कोरड्या हवेत तिचे कारण शोधले. पुढे १८४९ साली रिचर्ड स्ट्रेची यांनी कुमाऊँ-गढवालमधील स्वतःच्या पाहणीवरून या विषयावर लेख लिहिला आणि घोळ कशाचा होता ते उलगडून दाखवले.

हा उलगडा मला फार शिकवणारा वाटतो. एकाच डोंगराच्या दोन बाजू घेतल्या, तर सावलीच्या उत्तर बाजूला बर्फ अधिक खालपर्यंत टिकतो. तर्कशास्त्र तिथे बरोबरच आहे. पण संपूर्ण हिमाच्छादित पट्टा घेतला, तर त्याच्या दक्षिण कडेला मोसमी वारे आपले ओझे उतरवतात आणि उत्तर कडेला कोरडी हवा पोहोचते. म्हणून दक्षिण कडेला हिमरेषा साधारण ४५०० ते ५००० मीटरवर, तर उत्तर कडेला ५५०० ते ६००० मीटरवर. भांडणारे दोघेही खरे बोलत होते. एक डोंगराविषयी बोलत होता, दुसरा पर्वतरांगेविषयी. आपल्या ग्रंथालयातील दोन पुस्तकांत हिमालयाच्या हिमरेषेचे दोन आकडे दिसले, की आपण 'कोणते पुस्तक बरोबर?' असे सरांना विचारतो. विचारायला हवे ते असे : आकडा कोणत्या उताराचा, कोणत्या ऋतूचा, कोणत्या वर्षाचा आणि कशाने मोजलेला?

हे चार प्रश्न न विचारता आकडा उचलला म्हणजे काय होते, याचा धडा विद्यार्थ्यांनाच मिळतो असे नाही. आयपीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हवामान बदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एके ठिकाणी असे विधान आले, की हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे. शेकडो मीटर जाडीचा बर्फ तीस वर्षांत जाईल कसा, असे जाणकारांनी विचारले. विधानाला पक्का शास्त्रीय आधार नव्हता असे आढळले आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने खेद व्यक्त करून ते मागे घेतले. जगातल्या मोठमोठ्या विद्वानांच्या हातूनही एक घोकीव आकडा निसटून छापला गेला!

पण खरे दुःख पुढेच आहे. आकडा खोटा ठरताच दुसऱ्या बाजूचे लोक म्हणू लागले, की पाहा, हिमालयाला काहीही झालेले नाही. हादेखील घोकंपट्टीचाच दुसरा प्रकार. एखाद्या सावकाराचे दिवाळे २०३५ साली निघणार ही अफवा ठरली, म्हणून त्याच्या वह्या नफा दाखवत आहेत असे सिद्ध होत नाही. वह्या उघडून पाहाव्या लागतात. काठमांडू येथील पर्वतविकास संस्था इसिमोड हिने २०१९ साली दिलेल्या अहवालानुसार, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरीही हिंदुकुश-हिमालयाच्या हिमनद्यांतील सुमारे एक तृतीयांश बर्फ या शतकाच्या अखेरीपर्यंत जाईल. त्याच संस्थेने २०२३ साली सांगितले, की २०११ ते २०२० या दशकात तिथला बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटला. तीस वर्षांत सगळे संपणार नाही. पण घट चालू आहे आणि तिचा वेग वाढतो आहे. ही बातमी २०३५ च्या बातमीइतकी भडक नाही, म्हणून ती कमी गंभीर ठरत नाही.

या वह्या लिहितात कशा, हेही आपल्याला कोणी सांगत नाही. हिमाचल प्रदेशातील लाहौलमध्ये छोटा शिग्री नावाची सुमारे नऊ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे. २००२ सालापासून भारतीय आणि फ्रेंच संशोधक तिचा वार्षिक ताळेबंद मांडत आले आहेत. पद्धत ऐकायला अगदी साधी. बर्फात छिद्रे पाडून बांबूच्या काठ्या रोवायच्या आणि वर्षाने जाऊन काठी किती उघडी पडली ते मोजायचे. वरच्या भागात खड्डा खणून वर्षभरात किती हिम साचले ते पाहायचे. बँकेचे वर्ष मार्चअखेर संपते, हिमनदीचे सप्टेंबरअखेर. या हिमनदीचा हिशेब बरोबर जुळायचा तर रेषा सुमारे ४९०० मीटरवर असावी लागते. एखाद्या चांगल्या हिमवर्षावाच्या वर्षी ती त्याहून खाली असते, वाईट वर्षी दोन-तीनशे मीटर वर चढते. आणि वाईट वर्षे अधिक येऊ लागली आहेत. कोष्टकातला आकडा स्थिर बसलेला दिसतो, डोंगरावरची रेषा दरवर्षी जागा बदलते.

रेषा वर चढली म्हणजे आणखी एक गोष्ट घडते. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा दहांतला आठ-नऊ भाग परत पाठवते. ते निघून गेल्यावर खालचा जुना, मळकट बर्फ किंवा खडक उघडा पडतो आणि तो ऊन पिऊ लागतो. म्हणजे खर्चाने खर्च वाढतो. आणि गंमत अशी, की हा तोटा खालच्या खोऱ्यातल्या माणसाला प्रथम तोटा वाटतच नाही. हिमनदी अधिक वितळू लागली की काही वर्षे नदीला पाणी वाढते. मुद्दल मोडून खाणाऱ्याच्या घरीही काही दिवस सुबत्ता दिसतेच. शेवटी हिमरेषा डोंगराच्या माथ्याच्याही वर निघून जाते आणि सबंध हिमनदी खर्चाच्या बाजूला पडते. बोलिव्हियातील चाकाल्ताया या ५३०० मीटरहून उंच डोंगरावरची हिमनदी २००९ पर्यंत अशीच नाहीशी झाली. तिथे एके काळी लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळायला जात असत.

यावर कोणी म्हणेल, 'म्हणजे शेवटी सगळे उष्णतेवरच आले. मग जमाखर्चाचे एवढे पाल्हाळ कशाला?' त्यासाठी आफ्रिकेतील किलिमांजारोचे उदाहरण घ्यावे. विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर बर्फ असल्याचे १८४८ साली योहानेस रेबमान या मिशनऱ्याने कळवले, तेव्हा लंडनमध्ये घरी बसून आफ्रिकेचा भूगोल लिहिणाऱ्या कूली नामक पंडिताने ते चक्क नाकारले. विषुववृत्त म्हणजे उष्ण, उष्ण म्हणजे बर्फ नाही. कोष्टक पाठ असल्याचा हा परिणाम! आज त्याच पर्वतावरच्या बर्फाचा फोटो तापमानवाढीचे बोधचिन्ह म्हणून जगभर फिरतो. १९१२ साली तिथे सुमारे १२ चौरस किलोमीटर बर्फ होता. आता तो जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या घरात आला आहे. पण शिखरावरची हवा बहुतेक काळ शून्याखालीच असते. तिथल्या बर्फाच्या घटीत पाऊस-हिम कमी होणे, हवा कोरडी पडणे आणि बर्फाची थेट वाफ होणे यांचा वाटा मोठा आहे, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा किलिमांजारो आणि आल्प्स यांचा तोटा एकाच मापाने मोजता येत नाही. उलट काराकोरमच्या काही हिमनद्या गेल्या शतकाच्या अखेरीपासून दोन-तीन दशके स्थिर राहिल्या, काही तर पुढेही सरकल्या. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळे तिथे भरघोस हिम टाकतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. अलीकडच्या मोजणीत मात्र तिथेही घट दिसू लागली आहे. जमाखर्च समजलेल्या माणसाला या अपवादाने ना धक्का बसतो, ना खोटा दिलासा मिळतो.

येथवर वाचून एखादा मित्र विचारील, 'हे सारे ठीक. पण आपल्या गोदावरीला, कृष्णेला, भीमेला बर्फाचा एक थेंब मिळत नाही. आपण या रेषेची उठाठेव का करावी?' प्रश्न रास्त आहे. आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. अशी तीन कळसूबाई एकावर एक रचावीत तेव्हा कुठे आपल्या अक्षांशावरची हिमरेषा हाताशी येईल. हे काल्पनिक नाही. मुंबईच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर मेक्सिकोत सित्लाल्तेपेत्ल हे साडेपाच हजार मीटरहून उंच, बर्फाळ शिखर आहे. त्याच देशातील, त्याच अक्षांशाजवळच्या इस्ताक्सिवात्ल पर्वतावरची आयोलोको हिमनदी संपल्याचे २०२१ साली तिथल्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि तिच्या जागी एक स्मृतिफलक लावला.

पण महाराष्ट्राचा हिमाशी असलेला संबंध नदीपेक्षा पावसातून अधिक येतो. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली. त्यानंतर पावसाचा आगाऊ अंदाज देण्याची जबाबदारी नव्याने स्थापन झालेल्या हवामान खात्याच्या प्रमुखांवर, हेन्री ब्लँफर्ड यांच्यावर आली. त्यांनी १८८४ साली असे मांडले, की हिमालयात हिवाळा-वसंतात हिम अधिक पसरले तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. आणि १८८६ पासून या हिमाच्या आधारे पावसाचे नियमित अंदाज निघू लागले. कारणमीमांसा सोपी आहे : उन्हाची उष्णता हिम वितळवण्यात खर्च होते, जमीन उशिरा तापते, आणि समुद्रावरून वारे ओढून घेणारा जोर कमी पडतो. शंभर वर्षांनंतर, १९८८ पासून, वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले सोळा घटकांचे प्रारूप हवामान खाते वापरू लागले, त्यातही हिमालयाचे आणि युरेशियाचे हिमाच्छादन हे घटक होतेच. २००२ चा दुष्काळ त्या प्रारूपाला आधी सांगता आला नाही आणि पुढच्या वर्षी ते बदलले. हिम आणि पाऊस यांचा संबंध दर वर्षी सारखाच बळकट राहत नाही, हेही आता कळले आहे. तरीही विदर्भातला शेतकरी जूनमध्ये आभाळाकडे पाहतो तेव्हा त्या आभाळाच्या हिशेबात हिमालयाचा एक आकडा असतो, ही गोष्ट आपल्या भूगोलात यायला हवी.

आणि संबंध नसता तरी काय? लडाखमध्ये लेहला वर्षाकाठी सुमारे १०० मिलिमीटर पाऊस-हिम पडते. तिथली जवाची शेती डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर चालते. पेरणीला पाणी हवे एप्रिल-मेमध्ये. उंचावरचा बर्फ वितळू लागतो जूनमध्ये. मधले हे आठवडे म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला घोर. लेहचे एक स्थापत्य अभियंता, चेवांग नोर्फेल यांनी १९८७ पासून एक युक्ती अवलंबिली. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळवून थराथराने गोठवायचे. हा बर्फ खऱ्या हिमनदीहून कितीतरी खाली असल्याने लवकर वितळतो आणि पेरणीला उपयोगी पडतो. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हिमरेषा खाली आणणे माणसाच्या हातात नाही. पण जमेची नोंद कधी होते आणि खर्च कधी येतो, एवढे ओळखून त्यांनी गावापुरता हिशेब जुळवून दिला. हिमरेषा खऱ्या अर्थाने समजलेला माणूस मला विचाराल तर हा.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनाचे वर्ष म्हणून पाळले, आणि २१ मार्च हा हिमनद्यांचा जागतिक दिन ठरवला. असे दिन येतात, भित्तिपत्रके लागतात, भाषणे होतात, भित्तिपत्रके उतरतात. त्यावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. आपल्या विभागातील गुरुजनांपुढे मी नम्रपणे एक सूचना मात्र ठेवू इच्छिते. उपग्रहांनी काढलेली पृथ्वीची छायाचित्रे आज कोणालाही विनामूल्य पाहता येतात. लँडसॅटची तर १९७२ पासूनची उपलब्ध आहेत. आपल्या भूगोल विभागाने छोटा शिग्रीसारखी एकच हिमनदी निवडावी. दर वर्षी सप्टेंबरअखेरचे, ढग नसलेले एक छायाचित्र घेऊन तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी त्यात पांढरे हिम आणि करडा बर्फ यांच्यामधली सीमा शोधावी, समोच्चरेषांच्या नकाशावर तिची उंची काढावी आणि विभागाच्या भिंतीवरच्या आलेखात एक टिंब लावावे. खाली तारीख, छायाचित्र कोणते, आणि टिंब लावणाऱ्या वर्गाचे वर्ष.

याला पैसे लागत नाहीत, हिमालयात जावे लागत नाही, आणि चूक झाली तर पुढच्या वर्षीचा वर्ग ती काढू शकतो. मागची छायाचित्रे घेऊन मागची टिंबेही लावता येतील. पाच वर्षांच्या टिंबांवरून काहीच सांगता येत नाही, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. वीस-तीस वर्षांच्या टिंबांवरून काय सांगता येते, तेही दिसेल. उपसागरावरून येणारा पाऊस कोणत्या वर्षी चांगला झाला, कोणत्या हिवाळ्यात हिम कमी पडले, असे प्रश्न आपोआप निघतील आणि त्यासाठी पुस्तके उघडावी लागतील. परीक्षेत त्याला दोन गुण द्यायचे की वीस, हे ज्यांचे काम त्यांनी ठरवावे. या वर्षीचे टिंब लावायला आमचा वर्ग तयार आहे.